दोऱ्याएवढा साप आणि ‘शोध’ या शब्दाचा अर्थ

पावसाळ्याच्या तोंडावर शाळेच्या बागेतल्या कुंड्या जागच्या हलवल्या, की त्यांच्या बुडाखालच्या ओल्या मातीत काही ना काही वळवळताना दिसते. मुले ‘गांडूळ, गांडूळ’ म्हणून ओरडतात. पण त्यातले एखादे ‘गांडूळ’ जरा वेगळेच वागते. ते लांब-आखूड होत सरकत नाही, झपाट्याने नागमोडी पळते. अंगावर वलये नसतात, चकचकीत बारीक खवले असतात. नीट पाहिले तर क्षणभर जीभही बाहेर आलेली दिसते. हा आपला वाळा. काळपट तपकिरी, वीतभरही नसलेला, पूर्णपणे बिनविषारी साप. आम्ही शिक्षक मंडळींनी आजवर असे किती वाळे चपलेखाली चिरडले जाताना पाहिले असतील, त्याचा हिशोब नाही.

या लेखात आपल्याला ज्या सापाचा इतिहास पाहायचा आहे, तो वाळ्याहूनही लहान आहे आणि आपल्यापासून फार दूर, वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर राहतो. जगातल्या ज्ञात सापांमध्ये तो सर्वात लहान मानला जातो. त्याच्या गोष्टीत ऊस आहे, गुलामगिरी आहे, भारतातून नेलेली मुंगसे आहेत आणि शेवटी आपला वाळाही आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण वर्गात रोज वापरतो त्या ‘शोध लावला’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न या साप नावाच्या दोऱ्याने उभा केला आहे.

बेट आणि त्याचे रान

बार्बाडोस म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा क्रिकेट आठवते. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तीन डब्ल्यू, गारफील्ड सोबर्स, माल्कम मार्शल, ग्रीनिज आणि हेन्स ही सारी मंडळी या एवढ्याशा बेटावरची. बेट किती एवढेसे? लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २३ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर. आपल्या मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांचे मिळून क्षेत्रफळही याहून जास्त भरते.

वेस्ट इंडीजमधली शेजारची बेटे बहुतेक ज्वालामुखींनी घडवलेली आहेत. बार्बाडोस तसे नाही. समुद्रतळावरचा गाळ हळूहळू उचलला गेला, त्यावर प्रवाळांचे थर चढले आणि सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी हे बेट पाण्याबाहेर येऊ लागले. त्याचा मोठा भाग आजही प्रवाळी चुनखडीने झाकलेला आहे. भूवैज्ञानिक मोजमापाने हे बेट अगदी तरुण आहे, आणि ते कधीही कोणत्या खंडाला जोडलेले नव्हते. मग तिथे साप आले कसे? बहुधा वाहत्या लाकडांवरून. पुरात उन्मळलेली झाडे नद्यांतून समुद्रात जातात आणि प्रवाहाबरोबर शेकडो मैल तरंगतात. वाळवीने पोखरलेल्या ओंडक्यात वाळवीची अंडी खाऊन राहणाऱ्या इवल्याशा सापाला अशा प्रवासात अन्न आणि निवारा दोन्ही सोबत मिळतात.

‘बार्बाडोस’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ‘दाढीवाले’. आपल्या वडासारख्या पारंब्या सोडणारी उंबरवर्गातली झाडे तिथे पाहून खलाशांनी हे नाव दिले, असे सांगतात. इंग्रजांनी १६२७ साली तिथे वसाहत केली, तेव्हा बेट दाट अरण्याने व्यापलेले होते. रिचर्ड लिगन नावाचा इंग्रज १६४७ मध्ये तिथे पोहोचला आणि तीन वर्षे राहिला. १६५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात या झाडांची वर्णने आहेत, आणि उसाच्या नव्या धंद्याचीही. कारण १६४० च्या दशकात बार्बाडोसमध्ये साखर आली होती.

पुढचे काय झाले ते कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. गुऱ्हाळ घालायचे म्हणजे नुसता ऊस पुरत नाही. रस आटवायला रात्रंदिवस पेटते चुलवाण लागते. आपण चुलवाणात उसाची वाळलेली चिपाडे घालतो. बार्बाडोसमध्ये सुरुवातीला कढयांखाली जंगल जळाले. एका बाजूने ऊस लावायला जमीन हवी म्हणून झाडे तोडली, दुसऱ्या बाजूने तोच ऊस शिजवायला तोडली. हे सारे काम आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या हातून करून घेतले गेले. वसाहत झाल्यापासून चाळीसएक वर्षांतच बेटावरचे बहुतेक रान संपले. आज मूळ जंगलाचा अगदी थोडा अंश उरला आहे. सुमारे ९८ टक्के जंगल शेतीसाठी गेले असे मानले जाते. जे उरले ते उतारांवर, घळींमध्ये, जिथे नांगर चालत नव्हता अशा जागी.

आता विचार करा. बिबट्यासारखे मोठे जनावर नाहीसे झाले तर निदान कोणाच्या तरी लक्षात येते. पण दगडाखाली, कुजक्या पानांखाली राहणारा दहा सेंटिमीटरांचा साप किती जागांवरून पुसला गेला, हे कोण सांगणार? त्याची मोजदाद करायला त्या काळी त्याला नावही नव्हते.

मुंगूस येते

बार्बाडोसच्या सापांच्या इतिहासात भारताचाही हात आहे. उसाच्या मळ्यांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. जमैकातला एक मळेवाला, डब्ल्यू. बी. एस्प्यूट, याने १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागवली. चार नर, पाच माद्या. मुंगसांनी उंदीर मारले, मळेवाले खूष झाले आणि पुढच्या काही वर्षांत जमैकाची मुंगसे वेस्ट इंडीजच्या इतर बेटांवर गेली. बार्बाडोसवरही गेली.

या उपायातली चूक शाळेतल्या मुलालाही दाखवून देता येईल. मुंगूस दिवसा हिंडते, उंदीर मुख्यतः रात्री. उंदीर शिल्लक राहिले. पण दिवसा उन्हात येणारे, जमिनीवर अंडी घालणारे प्राणी मुंगसाच्या तावडीत सापडले. बेटांवरचे पक्षी, सरडे आणि साप लक्षावधी वर्षे अशा शिकाऱ्याशिवाय वाढले होते. त्याच्यापासून पळायचे असते हेच त्यांना ठाऊक नव्हते. बार्बाडोसवर एक चपळ, जमिनीवर फिरणारा स्थानिक साप होता. १८६२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ कोप याने त्याचे वर्णन केले होते. १९६० च्या दशकानंतर तो कोणाला दिसलेला नाही आणि आता तो नामशेष मानला जातो. तो नाहीसा होण्यात मुंगसाचा वाटा मोठा समजतात.

दोऱ्याएवढा साप वाचला, तो बहुधा जमिनीच्या आत राहत असल्यामुळे. मुंगसाच्या नजरेला तो पडत नव्हता. अर्थात माणसांच्याही नजरेला पडत नव्हता.

२००६: दगडाखालचे दोन साप

बार्बाडोसवर असा बारीक साप आहे, ही गोष्ट अगदीच अज्ञात नव्हती. १८८९ पासूनच्या मोजक्या नोंदी आहेत. संग्रहालयांच्या बाटल्यांत त्याचे काही जुने नमुनेही पडून होते. पण शास्त्रज्ञ त्याला शेजारच्या मार्टिनिक बेटावरच्या दोरा-सापाच्याच जातीचा समजत. मार्टिनिकच्या त्या सापाचे वर्णन श्लेगेल याने १८३९ सालीच करून ठेवले होते. दोन्हीकडचे साप काळपट, दोहोंच्या पाठीवर दोन फिकट रेषा, दोघे जवळजवळ एकाच लांबीचे. मग वेगळे कशाला मानायचे?

हा गोंधळ सुटला तो २००६ साली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ ब्लेअर हेजेस हे वेस्ट इंडीजच्या उभयचर आणि सरीसृप प्राण्यांवर अनेक वर्षे काम करत होते. १९९६ मध्ये क्यूबातल्या एका अतिलहान बेडकाच्या आणि २००१ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या जगातल्या सर्वात लहान पालींपैकी एकीच्या वर्णनात त्यांचा सहभाग होता. २००६ मध्ये ते पत्नीसह बार्बाडोसला गेले. पत्नी कार्ला हॅस यादेखील सरीसृपतज्ज्ञ. बेटाच्या पूर्वेकडील सेंट जोसेफ परगण्यात, उरल्यासुरल्या रानाच्या एका तुकड्यात, दगड उलटवताना त्यांना हे साप मिळाले.

पुढचे काम रानात होत नाही, ते प्रयोगशाळेत होते. खवल्यांच्या रांगा मोजायच्या, डोक्यावरच्या प्रत्येक खवल्याचा आकार पाहायचा, रंगरेषांची तुलना करायची, आनुवंशिक द्रव्याचा क्रम तपासायचा आणि संग्रहालयांतले जुने नमुने पुन्हा काढून पाहायचे. या साऱ्यातून दिसले की मार्टिनिक, सेंट लुसिया आणि बार्बाडोस या तीन बेटांवरचे साप तीन वेगळ्या जातींचे आहेत. २००८ साली ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात हेजेस यांनी दोन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. सेंट लुसियाच्या सापाला त्यांनी फ्रेंच सरीसृपतज्ज्ञ मिशेल ब्रुइल यांच्या नावावरून ‘ब्रुइली’ म्हटले आणि बार्बाडोसच्या सापाला पत्नीच्या नावावरून ‘कार्ली’. लॅटिनच्या नियमाने पुरुषाच्या आणि स्त्रीच्या नावाला वेगवेगळे प्रत्यय लागतात. देवनागरीत दोन्ही उच्चार सारखेच दिसतात, एवढेच. या सापाचे तेव्हाचे पूर्ण नाव ‘लेप्टोटिफ्लॉप्स कार्ली’. पुढच्याच वर्षी या कुळाची फेरमांडणी झाली आणि तो ‘टेट्राकायलोस्टोमा’ या प्रजातीत गेला. मात्र जातीचे ‘कार्ली’ हे नाव कायम राहिले.

लहानपणाला मर्यादा असते

मोजलेल्या नमुन्यांत सर्वात लांब साप १०४ मिलिमीटरांचा होता. जाडी, चकलीच्या सोऱ्यातून पाडलेल्या जाड शेवेइतकी. वजन अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर. आपल्या दहा रुपयांच्या एका नाण्याशी तोलायचे तर पारड्यात डझनभर साप घालावे लागतील. आणि एक साप वेटोळे घालून बसला, तर त्याच नाण्यावर मावेल.

याहून लहान साप का नसावा? हेजेस यांच्या निबंधातला हा भाग वर्गात फळ्यावर मांडण्यासारखा आहे. मोठ्या सापांच्या काही जाती एका वेळी शंभरापर्यंत अंडी घालतात. सर्वात मोठ्या सापांची पिल्ले आईच्या लांबीच्या सुमारे एक दशांश असतात. उलट या दोरा-सापाची मादी एका वेळी एकच अंडे घालते आणि त्यातून निघणारे पिल्लू जवळजवळ आईच्या निम्म्या लांबीचे असते. आकार लहान होत गेला तसे अंड्यांची संख्या कमी होत एकावर आली, आणि पिल्लू मात्र एका ठरावीक आकाराहून लहान होऊ शकले नाही.

कारण पिल्लालाही पहिल्या दिवसापासून स्वतःच खायचे असते. त्याचे खाद्य म्हणजे मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या. पिल्लू आणखी लहान झाले, तर त्याच्या तोंडात मावेल असे खाद्यच उरणार नाही. म्हणजे खालून खाद्याच्या आकाराची मर्यादा, वरून आईच्या शरीरात मावण्याची मर्यादा. आता एवढा मोठा वाटा एका पिल्लावर खर्च करणाऱ्या आईला दुसरे अंडे करायला जागाच कुठली? या कोंडीत साप याहून लहान होणे कठीण, असा हेजेस यांचा तर्क आहे. तर्क म्हणण्याचे कारण असे की उद्या कोणी याहून लहान साप दाखवला तर तो दुरुस्त करावा लागेल. विज्ञानात ‘सर्वात लहान’ याचा अर्थ नेहमी ‘आजवर माहीत असलेल्यांत सर्वात लहान’ एवढाच असतो.

एकच अंडे घालणाऱ्या प्राण्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. संख्या एकदा घटली की ती भरून यायला फार वेळ लागतो.

शोध कोणाचा?

२००८ च्या ऑगस्टमध्ये जगातला सर्वात लहान साप सापडल्याची बातमी जगभर झळकली. बार्बाडोसमध्ये मात्र अनेकांना तिचा राग आला. त्यांचे म्हणणे साधे होते. हा साप आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. मग कोणी परका येतो, दगड उलटतो, आमच्या सापाला आपल्या बायकोचे नाव देतो आणि ‘शोध लावला’ म्हणतो, हे कसे? तिथल्याच एका सरीसृपप्रेमींच्या संस्थेच्या अध्यक्षांनी शास्त्रीय वर्णनाचा मान हेजेस यांचाच असल्याचे मान्य केले. पण ‘शोध’ म्हटल्याने बेटावरचे लोक अडाणी ठरतात, अशी खंतही बोलून दाखवली. हेजेस यांनी उत्तर दिले की लोकांच्या भावना आपण समजू शकतो, परंतु शास्त्रात शोध म्हणजे प्रथम पाहणे नव्हे. नव्याने ‘सापडलेल्या’ बहुतेक जाती स्थानिकांना ठाऊक असतातच. जो प्रथम त्या जातीचे शास्त्रशुद्ध वर्णन करतो, त्याला नाव देण्याचा अधिकार मिळतो.

या वादात आम्हाला दोन्ही बाजूंचे काही ना काही पटते, आणि वर्गात चर्चेला घ्यावा असा हा विषय आहे.

बेटावरच्या लोकांच्या रागामागे चारशे वर्षे आहेत. ज्या बेटावर माणसांचीही नावे मालकांनी ठेवली, तिथे सापाचे नाव बाहेरून ठरले की ते झोंबणारच. शिवाय ‘शोध’ हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांतही याच सैलपणाने येतो. वास्को द गामाने भारताचा ‘शोध’ लावला, असे घोकताना, तेव्हा इथे राहणाऱ्या माणसांना भारत सापडलेला नव्हता काय, हा प्रश्न एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच.

पण दुसरी बाजूही नीट पाहू. हा साप आमच्या अंगणात दिसतो, हे एक ज्ञान झाले. तो शेजारच्या बेटावरच्या सापाहून वेगळा आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही, हे दुसरे ज्ञान. पहिले डोळ्यांनी मिळते. दुसरे तीन बेटांवरचे साप एका टेबलावर ठेवल्याखेरीज मिळत नाही. आणि या दुसऱ्या ज्ञानाचा परिणाम फार व्यावहारिक आहे. २००८ पूर्वी बार्बाडोसचा साप संपला असता, तर पुस्तकात एवढीच नोंद झाली असती की मार्टिनिकच्या सापाचा एक अड्डा कमी झाला. नाव मिळाल्यावर हिशोब बदलला. आता बार्बाडोसचा तो संपला म्हणजे पृथ्वीवरून एक जात संपली. जिला नाव नाही तिला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घालता येत नाही. आज ‘कार्ली’ त्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

आपल्या वाळ्याची कथा

नावाबद्दल बोलतो आहोत, तर कुंडीखालच्या वाळ्याकडे पुन्हा वळू. त्याच्या शास्त्रीय नावामागेही असाच प्रवास आहे. स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक रसेल याने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर १७९६ साली एक मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात विशाखापट्टणच्या या बारीक सापाचे चित्र आहे आणि नाव दिले आहे ते तिथल्या लोकांचे: ‘रोंडू तलूलू पाम’. तेलुगू ‘रेंडु तलल पामु’, म्हणजे दोन डोक्यांचा साप, याचे हे कानाने ऐकून उतरवलेले रूप. डोके आणि शेपूट सारखीच बोथट, म्हणून दोन डोकी. आपण मांडुळाला ‘दुतोंड्या’ म्हणतो, त्यातलीच ही कल्पना. १८०३ साली पॅरिसच्या दोदँ याने रसेलच्या चित्र-वर्णनाच्या आधारे या सापाला ‘ब्रॅमिनस’ हे शास्त्रीय नाव दिले. तेलुगू शेतकऱ्याचे नाव मागे पडले. पण रसेलने ते छापून ठेवले, म्हणून निदान सव्वादोनशे वर्षांनी आपल्याला ते वाचता येते.

योगायोग असा की २०१४ मध्ये हेजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आंधळ्या सापांच्या कुळाची फेरमांडणी केली, तेव्हा आपल्या वाळ्याला त्यांनी ‘इंडोटिफ्लॉप्स’ या नव्या प्रजातीत घातले.

वाळ्याचे एक वैशिष्ट्य मुलांना नेहमी चकित करते. याच्यात नर आजवर खात्रीने सापडलेला नाही. सगळ्या माद्याच. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे नेहमीच्या दोनऐवजी तीन संच असतात. मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. म्हणजे कुंडीच्या मातीतून एकच वाळा दूरदेशी गेला, तरी तिथे त्याची वसाहत होऊ शकते. तशीच ती झाली आहे. शोभेच्या झाडांच्या कुंड्यांबरोबर हा साप जगातल्या बहुतेक उष्ण प्रदेशांत पोहोचला. इंग्रजीत त्याला कुंडीतला साप असेच म्हणतात.

तो बार्बाडोसलाही पोहोचला. आणि इथे आपल्या गोष्टीला गाठ बसली. लांबी जवळजवळ सारखी, रंग गडद, राहणी सारखी. बेटावर कोणी बारीक साप पाहिल्याचे कळवले, तरी तो दुर्मिळ ‘कार्ली’ की परदेशातून आलेला वाळा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे कठीण झाले. एकाला नर-मादी दोघेही लागतात आणि मादी एकच अंडे घालते. दुसऱ्याची एकटी मादी पुरते. दोघे एकाच मातीत आले तर कोणाचे पारडे जड, हे सांगायला नको.

२०२५: मुळाखालचा दगड

नाव मिळाल्यावर हा साप पुन्हा दिसेनासा झाला. जवळजवळ वीस वर्षे त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. शास्त्राला ‘हरवलेल्या’ वनस्पती, प्राणी आणि बुरशींच्या सुमारे ४,८०० जातींच्या जागतिक यादीत त्याचे नाव गेले.

बार्बाडोसच्या पर्यावरण मंत्रालयाने ‘रीवाइल्ड’ या संस्थेच्या मदतीने बेटावरच्या स्थानिक सरपटणाऱ्या प्राण्यांची पाहणी हाती घेतली होती. मंत्रालयाचे प्रकल्प अधिकारी कॉनर ब्लेड्स आणि रीवाइल्डचे जस्टिन स्प्रिंगर हे दोघे वर्षाहून अधिक काळ या सापाच्या मागावर होते. २०२५ च्या मार्चमध्ये एका झाडाच्या मुळात अडकलेला दगड स्प्रिंगर यांनी, दोरा-सापाचा वास येतो आहे अशी थट्टा करतच, उलटला. आणि खाली तो होता.

पण दोघांनी लगेच आनंद साजरा केला नाही. वाळाही असू शकला असता. साप वेस्ट इंडीज विद्यापीठात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तिथे पाठीवरून जाणाऱ्या फिकट पिवळसर रेषा दिसल्या, डोक्याच्या बाजूंवर असलेले डोळे दिसले, नाकावरचा विशिष्ट खवला दिसला. वाळ्याला अशा रेषा नसतात. हा ‘कार्ली’च होता. खात्री पटल्यावर सापाला परत रानात नेऊन सोडण्यात आले. जुलै २०२५ मध्ये ही बातमी जाहीर झाली.

या वेळी ‘शोध कोणाचा’ असा वाद झाला नाही. दगड उलटणारे आणि ओळख पटवणारे, दोघेही त्या बेटावरच काम करणारे होते. तपासणी बेटावरच्या विद्यापीठात झाली. २००८ च्या निबंधातले वर्णन हाताशी नसते, तर त्यांना ओळख पटवता आली नसती. आणि कोणत्या घळीत, कोणत्या मुळाखाली पाहायचे हे ठाऊक असणारी माणसे तिथे नसती, तर ते वर्णन कागदावरच राहिले असते. दोन प्रकारचे ज्ञान एका दगडाखाली भेटले, असे आम्हाला वाटते.

साप मिळाला म्हणजे तो वाचला, असे मात्र नाही. किती साप उरले आहेत, एकमेकांना भेटतील इतक्या जवळ नर-माद्या आहेत का, रानाचे कोणते तुकडे राखले तर त्यांची सोय होईल, हे प्रश्न आता सुरू होतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक, शाळेच्या आवारात कुंड्यांखाली वाळा दिसला तर तो न मारता सर्वांनी दुरून पाहावा. गांडूळ आणि वाळा यांतले फरक मुलांना स्वतः शोधू द्यावेत: वलये की खवले, शरीर आखूड-लांब होते की नाही, जीभ दिसते का. मात्र अनोळखी लहान सापाला हात लावू देऊ नये; मण्यार आणि फुरशाची पिल्लेही लहानच असतात. पाहून झाल्यावर कुंडी जागच्या जागी अलगद ठेवावी.

दोन, आजी-आजोबांना विचारून गावातल्या सापांची, पाखरांची, झाडांची नावे मुलांनी वहीत उतरवावीत. एकाच प्राण्याला शेजारच्या तालुक्यात काय म्हणतात तेही लिहावे. रसेलने एक तेलुगू नाव छापून ठेवले म्हणून ते उरले. आपल्या गावातली किती नावे कोणीच उतरवलेली नाहीत, याचा अंदाज अशा वहीवरून येईल.

तीन, दोन गट करून वाद घालावा. विषय: बार्बाडोसच्या सापाचा शोध कोणी लावला? १८८९ पासून ज्यांनी त्याची नोंद केली त्यांनी, २००८ साली ज्यांनी नाव दिले त्यांनी, २०२५ साली ज्यांनी तो पुन्हा दाखवला त्यांनी, की ज्यांच्या अंगणात तो पूर्वापार होता त्यांनी?

आम्ही हा प्रश्न नववीच्या एका वर्गात विचारून पाहिला. बराच वेळ गलका झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, आधी तो साप जिवंत राहायला पाहिजे ना? मग भांडू.”